पॉलिशचे गणित पावडरीत नाही, भरावात आहे

घरी दगड घासून चकचकीत करण्याचा छोटा धंदा काढावा, असे ज्याच्या मनात येते त्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. मशीन केवढ्याला पडेल आणि पावडर कुठे मिळेल? डब्यात दगडाबरोबर आणखी काय घालायचे, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझे स्पष्ट मत असे की, या कामातला नफा-तोटा ठरतो तो या तिसऱ्या प्रश्नावर. मशीन सर्वांचे सारखेच फिरते, पावडरही सर्वांना तीच मिळते.

मशीन अगदी साधे आहे. रबरी अस्तराचा एक बंद डबा, त्याखाली दोन रूळ आणि ते फिरवणारी लहान मोटर. डब्यात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पावडर घालायची. प्रथम ६० ते ९० नंबरची भरड, मग १२० ते २२० नंबरची, मग ५०० ची आणि शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइडसारखे पॉलिश. प्रत्येक टप्प्याला साधारण एक आठवडा धरला तर मोटर महिनाभर रात्रंदिवस चालते. म्हणजेच चौथ्या आठवड्यात माल बिघडला तर महिन्याची वीज, पावडर आणि रोजची देखरेख, सारेच पाण्यात जाते. लहान माणसाच्या धंद्याला एवढा फटका पुरेसा आहे.

माल बिघडतो कसा, हे समजण्यासाठी डब्याच्या आत काय चालते ते पाहिले पाहिजे. दगड एकमेकांवरून घसरले पाहिजेत, आपटता कामा नयेत. डबा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेला असेल तर माल एका बाजूने वर चढतो आणि थराथराने खाली सरकतो. अर्धाच भरला तर तोच माल वरून कोसळतो. अकीक कठीण खरा, मोजपट्टीवर त्याची कठीणता ७ आहे. परंतु जे कठीण ते न तुटणारे, हा समज खोटा. आपटला की त्याच्या कडांवर नखाच्या टोकाएवढ्या पांढऱ्या चंद्रकोरी उमटतात. त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. दगड पुन्हा भरड पावडरीत घालण्याखेरीज इलाज उरत नाही.

एकाच मापाचे मोठे दगड भरले तरी तोच घोटाळा होतो. त्यांच्यामध्ये मोठ्या पोकळ्या राहतात, दगड मोजक्याच जागी एकमेकांना टेकतात आणि खळग्यांत पावडर पोचतच नाही. तेथे भराव कामाला येतो. भराव म्हणजे दगडांच्या सोबत घातलेले बारीक दाणे. ते पोकळी भरून धक्का झेलतात, पावडर खळग्यात नेतात आणि बेअरिंगच्या छऱ्यांप्रमाणे सगळा माल सैल फिरता ठेवतात. नवख्याला वाटते की भराव घातल्याने डब्यात विकाऊ दगडाची जागा कमी होते. जागा कमी होते हे खरेच. पण भरावाविना जो जास्तीचा दगड बसतो, तो बहुधा टिचलेला बाहेर येतो.

ही अक्कल काही परदेशी मशीनबरोबर आलेली नाही. खंभातच्या अकीक कारागिरांची जुनी रीत १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. मणी जाड चामड्याच्या पिशवीत कुरुंदाची पावडर आणि अकिकाचाच बारीक चुरा घालून शिवून टाकत. खोलीच्या दोन टोकांना बसलेली दोन माणसे ती पिशवी पट्ट्याने ओढून इकडून तिकडे लोळवीत. हे दहा-पंधरा दिवस चाले आणि पिशवी सतत ओली ठेवली जाई. बारकाईने पाहिले तर आपले सगळे नियम त्यात आहेत. चामडे धक्का शोषून घेते, चाल संथ आहे, बारीक माल एकमेकांना सांभाळून घेतो, आणि पाणी कधीच सुटत नाही. आता तेथेही विजेवर फिरणारी पिंपे आली आहेत, तत्त्व मात्र तेच.

भराव कोणता घ्यावा? अकिकाची बारीक चुरी उत्तम, असे मी म्हणेन. मोठा दगड फोडताना निघालेले तुकडे किंवा वाटाण्याएवढे खडे फेकून न देता डब्यात घालावेत. जात एकच असल्यामुळे झीज सारखी होते, आणि महिन्याअखेर हा भरावही माळेच्या चुरीसाठी विकता येतो. खरेदी न करता मिळणारा आणि पुन्हा विकला जाणारा असा कच्चा माल दुसऱ्या कोणत्या धंद्यात आहे? अट एकच. मऊ दगड मिसळायचा नाही. कॅल्साइटची कठीणता ३. अकिकाबरोबर घातला तर आठवड्यात त्याची नुसती रबडी होते.

चुरी पुरत नसेल तर सिरॅमिकचे दाणे घ्यावेत. ते महाग पडतात म्हणून लोक मागे सरतात, पण ते इतके सावकाश झिजतात की धुऊन धुऊन कित्येक महिने वापरता येतात. तीन मिलिमीटरपासून दहा मिलिमीटरपर्यंत मिश्र मापाचे घ्यावेत. नव्या दाण्यांच्या कडा धारदार असतात, तेव्हा ते थेट पॉलिशच्या टप्प्यात घालू नयेत. आधी मधल्या पावडरीत फिरवून त्यांची धार मोडावी. पॉलिशसाठीचे दाणे निराळ्या बरणीत ठेवावेत. भरड पावडरीचे चार कण जरी पॉलिशच्या डब्यात शिरले तरी साऱ्या मालावर ओरखडे येतात.

प्लास्टिकचा दाणा स्वस्त म्हणून पुष्कळ जण तिकडे वळतात. काच किंवा स्वच्छ स्फटिकासारख्या लवकर टिचणाऱ्या मालाला, पॉलिशच्या टप्प्यात, तो मऊ गादीचे काम करतो हे मान्य. पण तो पाण्यावर तरंगतो, म्हणून रबडी दाट नसेल तर वरच राहतो आणि खाली दगड आपटत राहतात. त्याच्या अंगात पावडर रुतून बसते, त्यामुळे एका टप्प्याचा दाणा दुसऱ्याला चालत नाही. शिवाय झिजलेले प्लास्टिक गाळात मिसळते आणि शेवटी मातीत जाते. मी तरी नेहमीच्या कामाला तो सुचवणार नाही.

आता मसाल्यांविषयी. दगडाच्या डब्यात काय काय घालावे याबद्दल जितकी तोंडे तितके नुसखे आहेत. साखर घाला, गूळ घाला, साबणाची पूड घाला. यात थोडे तथ्य आहे, परंतु कशासाठी हे माहीत नसताना घातलेला मसाला स्वयंपाकाप्रमाणे येथेही बिघाडच करतो. साखर-गूळ घालतात ते पाणी दाट करण्यासाठी, म्हणजे पावडर दगडाला चिकटून राहावी. भरड टप्प्यात त्याची गरज नाही; दोन दिवसांत दगडाच्या झिजेतूनच रबडी तयार होते. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली आणि अर्धा किलो मालाला एक ते दोन सपाट मोठे चमचे पावडर, एवढे पुरते. पुढच्या टप्प्यांत पाणी फारच पातळ वाटले तर चमचाभर शुद्ध चिनी माती घालावी. नदीकाठची माती नको, तिच्यात वाळूचे कण असतात. आणि गुळाचे पाणी आपल्या उन्हाळ्यात बंद डब्यात आठवडाभर ठेवणे म्हणजे ते आंबवायलाच ठेवणे.

साबणाचे काम अगदी शेवटी आहे. पॉलिश झाल्यावर किसलेला साधा वडीचा साबण किंवा थोडा टाकणखार घालून डबा काही तास फिरवला की चिकटलेले पॉलिश सुटते आणि चमक खुलते. कपड्यांची पूड वापरू नये, फेस डबा भरून टाकतो. टाकणखार मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. काही दगडांमुळे डब्यात वायू साचतो आणि झाकण फुगते. त्यासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. परंतु पहिले काही दिवस रोज एकदा झाकण उघडणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. तेव्हाच डब्याचा आवाजही ऐकावा. सळसळ एकसारखी येत असेल तर भराव बरोबर आहे. मधूनमधून धप-धप ऐकू आली तर मूठ दोन मूठ भराव वाढवावा.

मक्याच्या कणसाचा भुगा, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा किंवा लाकडाचा भुसा घालून कोरडे पॉलिश करण्याची पद्धतही आहे. चमक चांगली येते. तरीही राहत्या घरात ती करू नये, असे माझे ठाम मत आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो. या रोगाला उतारा नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. खंभातमध्ये अकिकाची घासाई घरोघर चालते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कामगारांची तपासणी करून हा रोग नोंदवला आहे. दगड चाकावर धरणाऱ्यालाच नव्हे, त्याच खोलीत वावरणाऱ्या बायका-मुलांनाही ती धूळ सोडत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल इतके बारीक कण अडवीत नाही.

ओल्या डब्याचा मोठा फायदा हाच की धूळ पाण्यात बसते. पण ती रबडी फरशीवर सांडून वाळली आणि झाडूने झाडली, की पाण्याने टाळलेली धूळ आपणच उडवली. म्हणून सांडलेले ओल्या फडक्यानेच पुसावे, दगड फोडायचे तर भिजवून आणि उघड्यावर फोडावेत. रबडी मोरीतही ओतू नये, ती नळात सिमेंटसारखी बसते. जुन्या बादलीत निवळू द्यावी, वरचे पाणी काढून गाळ ओला असतानाच पिशवीत बांधावा.

कच्चा माल दूर नाही. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतच अकीक तयार झाला, आणि प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांतल्या ताम्रपाषाणयुगीन माणसाने त्याचीच बारीक पाती केली. मात्र नदीतून पोती भरून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. १० फेब्रुवारी २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने अकीक गौण खनिजांत आला आहे; तेव्हा तहसीलदार कचेरीत परवान्याची चौकशी करावी, नाहीतर पावती देणाऱ्या व्यापाऱ्याकडून माल घ्यावा. जळगाव-नाशिककडचे झिओलाइटचे स्फटिक चुकूनही डब्यात घालू नयेत. ते मऊ असून पदरांवर फुटतात. त्यांची किंमत ते अखंड असण्यातच आहे.

विक्रीच्या वेळी मालाचे दोन ढीग करावेत. टिचलेला माल माशांच्या टाकीसाठी आणि कुंड्यांसाठी किलोवर जाईल. निर्दोष दगड लॉकेट आणि किल्ल्यांच्या साखळीसाठी नगावर विकावा. अंगठीचा नगिना डब्यात होत नाही, तो चाकावर घडवायचा वेगळा हुन्नर आहे, हे ग्राहकाला आधीच सांगावे. आणि खंभातच्या अकिकाला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली आहे. प्रवरेकाठचा दगड त्या नावाने विकू नये. दख्खनचा अकीक म्हणूनच विकावा, आणि त्याला रंग दिला असेल तर पावतीवर तसे लिहून द्यावे.