स्टेंटचा फायदा सगळ्यांना सारखाच होतो का?

भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराला डॉक्टरांनी 'स्टेंट टाकावा लागेल' असं सांगितलं, की घरच्यांना आधी खर्चाची धडकी भरते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली: साधा ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टी होते. पण फायदा किती, हे रुग्णागणिक बदलतं.

हार्ट अटॅक आलाय: रक्तवाहिनी पूर्ण बंद असेल तर तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत ती व्हावी, असं उद्दिष्ट असतं.

फक्त चालताना छातीत दुखतं: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात असे ५,१७९ स्थिर रुग्ण होते. आधी औषधं दिलेले आणि थेट स्टेंट किंवा बायपास केलेले, या दोन गटांत मृत्यू आणि अटॅकच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झालं.

मधुमेह आणि अनेक ब्लॉकेज: २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघाताचं प्रमाण स्टेंट गटात २६.६ टक्के, तर बायपास गटात १८.७ टक्के होतं.

स्टेंटनंतरही रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लागतातच. अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन प्रकारच्या. गावी गेल्यावर त्या मध्येच थांबल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. म्हणून किमतीसोबत डॉक्टरांना हेही विचारा: 'आमच्या पेशंटला स्टेंटच का?'