किल्ली कोणाच्या हाती?

ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल ठाणे सोडल्यावर आता पहिल्यांदा थांबते ती दिघा गाव स्थानकात. १२ जानेवारी २०२४ रोजी, स्वामी विवेकानंद जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते या स्थानकाचे लोकार्पण झाले. तत्पूर्वी कितीतरी महिने ते बांधून तयार होते. फलाट होता, पादचारी पूल होता, नामफलकही लागला होता; फक्त गाडी थांबत नव्हती. एखादी गोष्ट तयार असणे आणि ती माणसांच्या उपयोगात येणे यांत केवढे अंतर असते, हे दिघ्याच्या रहिवाशाला निराळे सांगावे लागत नाही.

हे अंतर रेल्वेपुरतेच नाही. पारसिकच्या डोंगराच्या कुशीतील इलठणपाडा, गणपतीपाडा, रामनगर, विष्णुनगर या वस्त्या आणि समोर ठाणे-बेलापूर मार्गालगतचा औद्योगिक पट्टा, असा दिघ्याचा संसार आहे. येथून थोड्याच अंतरावर ऐरोली, रबाळे आणि महापे येथे देशातील मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत. बँकांचे हिशेब आणि कंपन्यांच्या नोंदी तेथे रात्रंदिवस साठवल्या जातात. त्या इमारतींचे गवंडीकाम, रंगकाम, पहारा आणि साफसफाई करणारी कितीतरी माणसे अशाच वस्त्यांत राहतात. दिव्याखाली अंधार म्हणावे तर तेही पूर्णतः खरे नाही. कारण याच वस्तीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर क्यूआर कोडची पाटी टांगलेली असते आणि ‘दहा रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगणारा डबा शेजारी ठेवलेला असतो. अंधार असतो तो अशा वस्त्यांतील अनेक शाळांच्या संगणक-कक्षात. कोणा दानशूर संस्थेने दिलेले संगणक तेथे प्लास्टिकच्या आवरणाखाली विश्रांती घेत असतात आणि दाराला कुलूप असते. सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हे चित्र परके नाही.

एकाच गल्लीत, एकाच आर्थिक स्तरातील माणसांनी एक तंत्र हसत स्वीकारावे आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवावी, असे का घडते? ‘आपले लोक मागासलेले आहेत’ हे याचे सर्वांत सोपे आणि सर्वांत आळशी उत्तर आहे. चहाची टपरी त्याला उत्तर देऊन चुकली आहे.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातील धसईचे उदाहरण वाचकांना स्मरत असेल. नोटाबंदीनंतर अवघ्या तीन आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातील हे गाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाचा पुढाकार होता, बँक ऑफ बडोदाचे साह्य होते, तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उपस्थित होते. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली. हेतू निर्मळ होता, श्रमही खरे होते. परंतु वर्षभरानंतर वृत्तपत्रांचे प्रतिनिधी पुन्हा तेथे गेले तेव्हा बहुतांश व्यवहार रोखीनेच होताना त्यांना दिसले. यंत्राला नेटवर्क मिळत नव्हते, व्यवहारावर शुल्क पडत होते आणि गिऱ्हाईकाच्या खिशातील कार्ड पुन्हा कपाटात गेले होते. काही जणांना ही घटना उपहासासाठी आयती सापडली. आम्हाला ती अभ्यासासाठी मोलाची वाटते.

कारण पुढे घडले ते पाहण्यासारखे आहे. यूपीआय ही देयक-पद्धती एप्रिल २०१६ मध्ये आली होती. ३० डिसेंबर २०१६ रोजी ‘भीम’ हे उपयोजन आले. त्यासाठी दुकानदाराला निराळे यंत्र लागत नव्हते. एक छापील कागद पुरत होता. कोणत्याही बँकेचा ग्राहक कोणत्याही उपयोजनातून त्याच कागदावर पैसे देऊ शकत होता. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यावरील शुल्कही शून्य झाले. तरीही एक अडचण उरली होती. गर्दीच्या वेळी, हात पिठाने किंवा तेलाने माखलेले असताना, पैसे खरोखर आले की गिऱ्हाईकाने नुसताच पडदा दाखवला, हे कसे कळावे? ती अडचण बोलक्या डब्याने सोडवली. डबा मराठीत बोलू लागला आणि वाचता न येणाऱ्या विक्रेत्यालाही आपली मिळकत आपल्या कानांनी ऐकता येऊ लागली. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात यूपीआयचे १३ हजार १०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. धसईत जे प्रचाराने टिकले नाही, ते सोय झाल्यावर प्रचाराविना सर्वत्र झाले.

या विषयाचे शास्त्रही आहे. अमेरिकेतील संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडले की, नवे तंत्र स्वीकारताना माणूस मुख्यत्वे दोन गोष्टी पाहतो. याने माझे काम सुधारेल का आणि हे वापरणे मला जमेल का? त्याही आधी, १९४३ मध्ये, आयोवा प्रांतातील संकरित मक्याच्या बियाण्याचा अभ्यास करताना रायन आणि ग्रॉस यांना आढळले होते की, शेतकऱ्याला बियाण्याची पहिली वार्ता विक्रेत्याकडून कळली तरी पेरायचे की नाही हे तो शेजाऱ्याच्या शेताकडे पाहून ठरवतो. आपल्या आजोबांना हे प्रबंधाविना ठाऊक होते, हा भाग निराळा. परंतु या दोन्ही मांडण्यांत आपल्याकडील अनुभवाने एक भर घालावी लागेल, ती किल्लीची. यंत्र आणून ठेवले, पण त्याची किल्ली कोणाच्या हाती राहिली?

वारणेचा प्रयोग या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. १९९८ मध्ये, संगणक हे शहरातील कार्यालयांचेही नवल होते तेव्हा, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प वारणानगर येथे केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून उभारला. गावोगावच्या केंद्रांतून शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, शिक्षण, सारे काही मिळावे, अशी भव्य कल्पना होती. काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली तेव्हा ध्यानात आले की, केंद्रे चालत होती. पण मुख्यतः उसाच्या नोंदी, वजन आणि खताचा हिशेब यांसाठी. शेतकरी स्वतः संगणकाला हात लावत नव्हता. केंद्रचालक लावत होता. मग काही गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. तो स्वस्त पडला आणि शेतकऱ्याला घरबसल्या, हव्या त्या वेळी आपल्या उसाचा आकडा विचारता आला. स्वप्नाच्या मानाने ही फारच लहान गोष्ट. पण ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या खिशात होती.

उद्योगाकडे वळू. दिघा, रबाळे, महापे परिसरातील लहान कारखानदार १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या जाळ्यात आला. ई-बीजकाची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींच्या मर्यादेपर्यंत खाली आली. त्याहून लहान असलेला लेथवालाही सुटत नाही. कारण त्याने विवरणपत्र वेळेवर भरले नाही तर त्याच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीला कराची वजावट मिळत नाही आणि ती त्याचे देयक अडवते. परिणामी कागदोपत्री हा लघुउद्योजक शंभर टक्के डिजिटल झाला. प्रत्यक्षात? पासवर्ड कर-सल्लागाराच्या कार्यालयात आहे, नोंदणीचा मोबाइल भाच्याचा आहे आणि मालकाकडे महिन्याच्या महिन्याला फी देण्याचे काम तेवढे आहे. आपल्याच धंद्याची माहिती, कोणता माल किती सुटला, कोणाकडे किती थकले, ही त्याच्या निर्णयाच्या उपयोगी पडत नाही. ती सरकारला कळते, त्याला कळत नाही. सक्तीने अनुपालन होते. आत्मसात होणे ही निराळी क्रिया आहे.

भीती हाही एक घटक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत यूपीआयच्या नोंदींच्या आधारे लहान विक्रेत्यांना कराच्या नोटिसा गेल्या आणि पाहता पाहता अनेक दुकानांवरील क्यूआर पाट्या उतरल्या. कायद्याच्या दृष्टीने अधिकारी बरोबर असतीलही. परंतु वर्षानुवर्षे जमवलेला विश्वास एका पत्राने डळमळू शकतो, हे त्यातून दिसले. दिघ्यात तर या भीतीला आणखी एक पदर आहे. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने येथील ९९ अनधिकृत इमारतींचा प्रश्न राज्यभर गाजला, काही इमारतींवर हातोडाही पडला. ज्या कुटुंबाने बिल्डरच्या शब्दावर आयुष्याची पुंजी घालून घर घेतले आणि नंतर घराचा कागदच खोटा ठरताना पाहिला, त्याला संगणकाच्या पडद्यावरील ‘पत्त्याचा पुरावा जोडा’ ही ओळ साधी वाटणार नाही.

आता शिक्षण, आणि खरा जीव येथेच अडकला आहे. २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग येथून फार दूर नसलेल्या, कर्जतजवळच्या खैरात या गावातील एकशिक्षकी शाळेत झाला. विशीच्या आसपास मुले होती. कुतूहल ओसंडून वाहिले, मुले आपापला लॅपटॉप घरी नेऊ लागली. प्रयोग देशभर पसरला मात्र नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेस नकार दिलेला होता. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये मोठा गाजावाजा करून आणलेला ‘आकाश’ टॅब्लेटही विस्मृतीत गेला. याउलट शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीच्या बळावर डिजिटल झाली आणि ती पाहायला राज्यभरातील शिक्षकांची रीघ लागली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. तीच कल्पना नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या दोन्ही ठिकाणी आधी शिक्षक होता, मग यंत्र आले. बहुतेक देणगी-समारंभांत हा क्रम उलटा असतो.

करोनाच्या काळाने तर कठोर परीक्षाच घेतली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले. ‘असर’च्या २०२१ च्या अहवालानुसार शाळेत नाव असलेल्या मुलांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचे देशातील प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६७.६ टक्क्यांवर पोहोचले. आकडा दिलासा देणारा आहे. पण त्याच अहवालात असेही आहे की, फोन असलेल्या घरांतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो हाताळायला मिळत नव्हता. का, हे औद्योगिक पट्ट्याशेजारच्या वस्तीत सहज समजते. घरात फोन एक, तो वडिलांचा, आणि वडील पाळीवर. येथेही किल्ली दुसऱ्याच्या हातीच होती. जुलै २०२० मध्ये एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर सुरू केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांपर्यंत पोहोचली ती जुन्याच दूरचित्रवाणी संचावरून. तो संच दिवसभर घरीच असे. नवे ते उत्तम, हा आग्रह सोडला की असे मार्ग सुचतात.

शिक्षकांच्या वाट्याला मात्र तंत्रज्ञान बव्हंशी माहिती भरण्याच्या रूपाने आले. २०१५ पासूनच्या ‘सरल’ प्रणालीसाठी सायबर कॅफेत पदरचे पैसे खर्चून रात्री जागणारा शिक्षक संगणकाकडे प्रेमाने पाहील, ही अपेक्षा अवाजवी आहे. ज्या यंत्राशी पहिली ओळख ताकीदपत्राने झाली, ते वर्गात नेण्याचा उत्साह त्याच्यात कोठून यावा?

येथे एका जुन्या प्रसंगाचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. भारतीय मजदूर संघाने १९८४ हे वर्ष संगणकीकरण-विरोधी वर्ष म्हणून पाळले होते. आज ते ऐकून तरुण कार्यकर्ता हसेल. बँकांतील संगणकाविषयीची कितीतरी भाकिते खोटी ठरली, हे खरेच आहे. परंतु ज्याच्या हातून यंत्र चालणार त्याला विचारले का, त्याच्या भाकरीचा विचार केला का, हा त्यामागचा प्रश्न त्या वर्षाबरोबर कालबाह्य झाला नाही. सर्वेक्षणाचे अर्ज छापणाऱ्यांपेक्षा त्या कामगार-कार्यकर्त्यांना माणूस अधिक कळत होता.

आता आपल्या घरचा विषय. दरवर्षी जूनच्या आसपास सेवावस्तीतील शाळांना संगणक, टॅब आणि मोठे पडदे देण्याचे कार्यक्रम होतात. दाते सज्जन असतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. आमची सूचना स्पष्ट आहे आणि काहींना ती कटू वाटेल. ज्या देणगीबरोबर दोन वर्षे आठवड्यातून एकदा येऊन बसणारा माणूस मिळत नसेल, ती देणगी नम्रपणे नाकारावी. दिघ्याच्या शेजारीच ऐरोलीच्या माहिती-तंत्रज्ञान संकुलांत काम करणारे शेकडो मराठी तरुण रोज याच लोहमार्गाने जातात. त्यांतील दहा जणांनी शनिवारची दोन तास संध्याकाळ दिली तर नवीन एकही यंत्र न घेता काम सुरू होईल. मुलांना मराठीत टंकलेखन शिकवावे. आईला बँकेचा संदेश वाचून कोणता खरा आणि कोणता फसवा हे ओळखायला शिकवावे. लेथवाल्याला त्याचा पासवर्ड त्याच्या स्वतःच्या वहीत लिहून घ्यायला लावावा. आणि पहिल्या शनिवारी मुख्याध्यापकांना भेटून संगणक-कक्षाच्या किल्लीची दुसरी प्रत करून ती वस्तीतीलच एखाद्या जबाबदार ताईकडे ठेवण्याची परवानगी मागावी. संगणक बिघडला तर दोष कोणाचा, असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतील. तो रास्त आहे. दुरुस्तीचा खर्च आम्ही करू, असे लेखी देण्याची तयारी ठेवूनच जावे.