खडकाची कुरकुर

दिवाळी जवळ आली की सोन्याचा भाव हा घरोघर चर्चेचा विषय होतो. पाडव्याला गुंजभर का होईना, सोने घ्यावे, ही आपली जुनी रीत. मात्र ते जमिनीच्या पोटातून वर कसे येते याची चौकशी सराफाच्या पेढीवर सहसा कोणी करीत नाही. म्हणून यंदा कोलारच्या सोन्याच्या खाणींची थोडी हकीकत सांगतो. ती सोन्याची कमी आणि दगडाची अधिक आहे.

कर्नाटकातल्या या खाणी १८८० नंतर जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने चालविल्या, १९५६ साली त्या सरकारी झाल्या आणि २००१ साली बंद पडल्या. या काळात तिथला माणूस तीन किलोमीटरांहूनही खाली उतरला. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवावी, जवळजवळ तेवढी ही खोली. तिथे डोक्यावरच्या खडकाचे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८०० किलो भरते. म्हणजे नखाएवढ्या जागेवर आठ क्विंटल! बोगदा खणला की पोकळ झालेल्या जागेचा भार भोवतालच्या भिंतींना उचलावा लागतो. त्यांना तो सोसवेनासा झाला की दारूगोळ्याशिवायच खडक फुटतो, आणि दगड तोफेच्या गोळ्यासारखे बोगद्यात उडतात. कोलारला असे स्फोट पुष्कळ झाले, माणसे दगावली. मोठ्या स्फोटाने वरच्या वस्तीतल्या घरांनाही हादरा बसे. १९१२ च्या सुमारासच तिथे भूकंपमापक यंत्र बसवावे लागले, यावरून काय ते समजावे.

आता हा खडक फुटण्यापूर्वी काही सांगतो की नाही? आम्हां भाषेच्या माणसांच्या लेखी दगड म्हणजे मुकेपणाची परिसीमा. खाणकामगाराचा अनुभव मात्र निराळा. आपल्या घरातल्या बायका माठ घेताना टिचकी मारून पाहतात. बद्द वाजला की परत ठेवतात. खाणीतला जुना कामगारही छताला पहार ठोकून तेच करी. लाकडी टेकूवर त्याचा जीव असे तोही याचसाठी, कारण लाकूड मोडण्यापूर्वी करकरते.

पण कानाला ऐकू येते ते फार उशिरा येते. खडकात आधी केसाहून बारीक भेगा पडतात, आणि प्रत्येक भेगेबरोबर एक सूक्ष्म कंप उठतो. १९३० नंतरच्या दशकाअखेरीस अमेरिकेच्या खाण खात्यातले ओबर्ट आणि डुव्हाल हे संशोधक खाणीतल्या खांबांतून ध्वनीचा वेग मोजीत होते. यंत्रात भलतेच आवाज येऊ लागले. ती यंत्राची खोड नव्हती. भाराखाली दबलेला खांबच कुरकुरत होता!

पुढे या कुरकुरीचे शास्त्र झाले. खडकात जागोजागी कंप टिपणारी उपकरणे पुरायची. कडक खडकात कंप सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावतो. एका उपकरणाशी तो आधी पोचतो, दुसऱ्याशी क्षणाच्या अल्पांशाने मागून. त्या फरकावरून भेग नेमकी कुठे पडली ते काढता येते. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. इथे भिंतीलाच तोंड फुटले, आणि माणसाने कान लावला. कोलारला असे जाळे १९७० नंतरच्या दशकात बसले, आणि त्यात आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा हात होता.

एवढे वाचून कोणाला वाटेल, चला, संकट टळले. तसे नाही. खडक कुठे रागावला आहे हे यंत्र बरेचसे नेमके सांगते, पण तो केव्हा फुटेल ते खात्रीने सांगत नाही. कधी कुरकुर वाढते आणि आपोआप शमते. कधी फारसा इशारा न देताच भिंत कोसळते. म्हणून खरा उपयोग वेगळ्या जागी आहे. कोणती बाजू आधी खणावी, कुठे खांब राखावा हे त्यावरून ठरते. मोठा हादरा बसल्यावर कुरकुर नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत माणसे आत सोडायची नाहीत, हा नियमही त्यातूनच आला. माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच. पाळी रिकामी बसलेली असते, वर उत्पादनाचा हिशेब मागणारे असतात, आणि पडद्यावर काही ठिपके तेवढे दिसत असतात. त्या ठिपक्यांच्या भरवशावर "अजून थांबा" म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय बरोबर होता हे बहुधा कधीच सिद्ध होत नाही. कारण त्या वेळी आत कोणी नसते.

कोलारला २००१ साली पंप थांबले आणि रिकाम्या बोगद्यांत पाणी चढू लागले. माणसे गेली, तरी त्यानंतरही खालून हादरे येतच राहिले, आणि यंत्रांनी ते टिपले.