नागपूरकर भोसल्यांचे राज्य वारसाअभावी बुडाले नाही

१/ ‘तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, म्हणून नागपूरचे राज्य खालसा झाले’ हे वाक्य आपण शाळेपासून घोकत आलो. हे कारण नव्हे, ही सबब आहे.

२/ रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. राण्यांनी यशवंतरावांना दत्तक घेतले, तेच जानोजी. कंपनीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८५७ नंतर मात्र याच जानोजींना इंग्रजांनी राजेबहादूर हा किताब आणि देऊरची जहागीर दिली. राज्य गिळताना अमान्य असलेला वारस पुढे मान्य कसा झाला?

३/ आता वर्धा नदीचे दोन्ही काठ पाहा. पश्चिमेला निजामाचा वऱ्हाड. तेथे गादीला धनी होता, म्हणून १८५३ मध्ये सबब कर्जाची. पूर्वेला भोसले, तेथे सबब वारसाची. सबबी दोन, पीक एकच : कापूस.

४/ हा तर्क माझा नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा, हे डलहौसीनेच नागपूरविषयीच्या आपल्या टिपणात नोंदवले आहे. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती त्या बाजारात पोहोचलेली होती.

५/ म्हणून ‘वारस नव्हता’ असे लिहिणे म्हणजे इतिहासलेखन नव्हे. ती कंपनीची वकिली होय, आणि तीही बिनमोल!