‘हसा’ म्हटले म्हणून हसू येत नाही

घरातले वडीलधारे माणूस गेले की दुःखातही एक धावपळ करावी लागते, ती फोटोची. मोबाइल धुंडाळले जातात, अल्बम काढले जातात आणि शेवटी अनेक घरांत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला जातो. फोटो त्यांचाच असतो, पण ‘हे आमचे आजोबा वाटतच नाहीत’ असे सगळ्यांनाच जाणवते. ही चूक कॅमेऱ्याची नाही. चेहरा हुकमाने खुलत नाही, हे आपण विसरतो.

फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी हे दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले. चेहऱ्याची संवेदना मंदावलेल्या एका वृद्धाच्या स्नायूंना त्यांनी विजेचे सौम्य झटके दिले आणि बदलणाऱ्या भावांचे फोटो काढले. 1862 मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गालाचा स्नायू विजेने आक्रसला की ओठांचे कोपरे वर जातात, पण ते हसू खोटे वाटते. खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो इच्छेला दाद देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डार्विनने 1872 च्या आपल्या ग्रंथात हेच फोटो वापरले.

याचे मूळ मेंदूच्या रचनेत आहे. ठरवून हसण्याचा आदेश मेंदूच्या बाह्यस्तरातून निघतो, तर मनापासूनचे हसू भावनांशी निगडित वेगळ्या भागांतून येते. म्हणूनच पक्षाघाताच्या काही रुग्णांना ‘दात दाखवा’ म्हटले की तोंड एका बाजूला ओढले जाते, पण नातवाच्या बोलण्यावर तेच रुग्ण दोन्ही बाजूंनी छान हसतात. फोटोग्राफरचे ‘स्माइल प्लीज’ पहिल्या वाटेने जाते. दुसऱ्या वाटेचे दार उघडायला गाण्यासारखे साधन नाही.

मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी 2011 मध्ये याचा एक पुरावा मांडला. स्वतः निवडलेले आवडते संगीत ऐकताना लोकांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते, असे त्यांना आढळले. ते केवळ आनंदाच्या परमोच्च क्षणी नव्हे, तर आवडती जागा येण्याआधीच्या प्रतीक्षेतही स्रवत होते. चेहरा बहुधा याच प्रतीक्षेत सैलावतो. कपाळावरची आठी जाते, जबडा ढिला पडतो, नजर कुठेतरी लागते. फोटो घ्यायचा तो याच वेळी.

या प्रयोगातले ‘स्वतः निवडलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्टुडिओत फोटोग्राफरच्या आवडीचे गाणे मोठ्याने लावून उपयोग नाही. माणसाला तरुणपणी ऐकलेली गाणी सहसा अधिक जवळची असतात. कुणाला नाट्यपद लागेल, कुणाला अभंग, तर कुणाला जुने सिनेमातले गाणे. ते आधी विचारावे. आवाज बेताचा ठेवावा, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलताही येते. गाणे सुरू असताना फोटोग्राफरचेही ‘मान वर, हनुवटी खाली’ थांबते. तो सूचना देण्याऐवजी पाहू लागतो आणि नेहमीच्या साच्याबाहेरचा कोन, वेगळा प्रकाश त्याला सुचण्याची शक्यता वाढते.

अर्थात संगीत म्हणजे जादू नव्हे. काहींना नीट ऐकू येत असूनही संगीतातून आनंद मिळत नाही. त्यांच्याशी गप्पाच माराव्यात. कंपवाताच्या रुग्णाचा चेहरा ताठर होतो, म्हणून तो रुसलेला वाटतो. गाण्याने हा आजार हटत नाही. पण दोन-तीन गाणी होईपर्यंत थांबले, तर उशिरा उमटणारा भाव टिपता येतो. एखाद्या गाण्याने गेलेल्या जोडीदाराची आठवण येऊन डोळे भरून येतात. तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा की नाही, हे त्या माणसालाच ठरवू द्यावे.

ओळखपत्रासाठी निर्विकार चेहरा लागतो, तो सरकारी कामापुरता ठीक आहे. घरच्या भिंतीसाठी मात्र वेगळा फोटो हवा आणि तो माणूस हिंडता-फिरता असतानाच काढायला हवा. त्यासाठी महागडा कॅमेराही लागत नाही. रविवारी दुपारी आईच्या आवडीचे गाणे लावावे, तिच्याजवळ बसावे आणि फोन हाताशी ठेवावा. ‘हस’ असे मात्र तिला सांगू नये.