विश्लेषण : चंद्राच्या पोटात काय, हे लेझर कसे सांगतो?
पारनेर-पाथर्डीच्या शेतकऱ्याला विचारा, बोअर घेतल्याशिवाय जमिनीखालचा खडक कळत नाही. चंद्रावर अपोलोच्या अंतराळवीरांनी पाडलेले सर्वांत खोल छिद्र जेमतेम तीन मीटरांचे. तरीही चंद्राच्या गाभ्यात वितळलेला थर आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. कशाच्या आधारावर?

अपोलो ११ ने १९६९ मध्ये तिथे परावर्तक ठेवला. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरसारखा तोही प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. पृथ्वीवरून सोडलेला लेझर सुमारे अडीच सेकंदांत जाऊन येतो. चंद्रावर पोहोचेपर्यंत तो दोनेक किलोमीटर पसरतो, त्यामुळे परत येतात ते मोजके प्रकाशकण. तरी त्यांच्या वेळेवरून आज अंतर मिलिमीटरच्या अचूकतेने मोजले जाते.

चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो, ही बातमी बहुतेकांनी वाचलेली असते. खरी मौज पुढे आहे. उकडलेले अंडे आणि कच्चे अंडे टेबलावर फिरवून पाहा. कच्चे अडखळत फिरते, कारण आतला बलक कवचाबरोबर लगेच फिरत नाही. चंद्राच्या फिरण्यातही अशी बारीक चूक दिसते. वर्षानुवर्षांच्या मोजणीतून ती पकडून २००१ मध्ये संशोधकांनी द्रवरूप गाभ्याचा निष्कर्ष मांडला. पृथ्वीच्या ओढीने चंद्राचा पृष्ठभाग किती सेंटिमीटर वरखाली होतो, यावरून आतला खडक किती लवचीक आहे हेही समजते. अपोलोची भूकंपमापके १९७७ मध्ये बंद केली गेली. परावर्तकांना वीज लागत नाही, म्हणून ते अजून कामात आहेत.

अडचण जागेची आहे. अपोलोचे तीन आणि सोव्हिएत लुनोखोदचे दोन, असे जुने पाचही परावर्तक विषुववृत्ताजवळ किंवा उत्तरेकडे आहेत. २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानाने नेलेला नवा परावर्तकही उत्तरेलाच उतरला. चंद्राचे डोलणे नीट मोजायचे तर दक्षिणेकडेही खूण हवी.

तिथे, सुमारे ६९ अंश दक्षिणेला, २३ ऑगस्ट २०२३ पासून आपला विक्रम उभा आहे. त्यावर नासाचा आठ लोलकांचा चिमुकला परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने १०० किलोमीटरवरून त्यावर लेझर टाकला आणि उत्तर मिळवले. पृथ्वीवरून मात्र तो टिपता येत नाही, इतका तो लहान आहे. चंद्रयान-४ चा भर दगडमाती आणण्यावर आहे. यानाचा प्रत्येक ग्रॅम महाग असतो हे मान्य. पण वीज न मागता दशकानुदशके माहिती देणाऱ्या मोठ्या परावर्तकासाठी इस्रोने पुढच्या एखाद्या दक्षिण मोहिमेत जागा काढायला हवी.