सेवेची हमी आणि सूचनेची भाषा

विकासाचे मोजमाप दरडोई उत्पन्नाने केले जाते. सामान्य नागरिकाला मात्र विकास भेटतो तो नळावर, गटारीपाशी आणि जन्म-मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवर. ही कामे स्थानिक स्वराज्य संस्थांची. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने अशा १८ विषयांची सूची घटनेत घातली. परंतु वाढत्या उत्पन्नावरील मोठे कर केंद्राकडे व राज्याकडे जातात. नगरसंस्थांच्या हाती उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि अनुदानाची प्रतीक्षा. म्हणून येथे प्रत्येक रुपयाचे चीज झाले पाहिजे, असे आम्ही मानतो.

बेळगावचेच उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, कलबुर्गी आणि बेळगाव येथील काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झाले. त्याबरोबर मीटर आले, वापरानुसार आकारणी आली. अशा व्यवस्थेत ग्राहकाला दर, मुदत आणि तक्रारीचा मार्ग समजणे जलवाहिनीइतकेच आवश्यक ठरते. सूचना वाचताच आली नाही, तर तो मध्यस्थ गाठतो, पैसे मोजतो आणि पुष्कळदा मुदतही गमावतो.

कर्नाटकाच्या २०११ च्या सेवा हमी कायद्याने, म्हणजे ‘सकाल’ने, विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी २० रुपये, कमाल ५०० रुपये, भरपाईची तरतूद केली. तरतूद स्तुत्य आहे. पण अपिलाचा हक्क ज्याला वाचताच येत नाही, त्याच्या दृष्टीने तो हक्क कागदावरच राहतो.

घटनेचा अनुच्छेद ३५० गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याची मुभा देतो. उत्तराच्या भाषेची हमी त्यात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक उपायांत, १५ टक्के वा अधिक लोकांची भाषा असेल तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्व मान्य झालेले आहे. ते पाळले जावे, एवढीच आमची मागणी. कन्नड राहावी, तिच्या शेजारी मराठीही असावी. त्यासाठी लागणारा खर्च छपाईचा आणि अनुवादकाच्या वेतनाचा. तो न केल्याचा खर्च मात्र गरीब नागरिक रोज मध्यस्थाच्या हाती मोजतो.

तोवर सीमावासीयांनी आपले अर्ज मराठीतून द्यावेत आणि प्रत्येक अर्जाची पोच घेतल्याविना परतू नये. नोंद झालेली मागणी कोणत्याही कार्यालयाला सहजासहजी नाकारता येत नाही.